प्रतिनिधी कोणाचे? विद्यार्थ्यांचे की कंपन्यांचे?

महाविद्यालयांच्या आवारात गेली काही वर्षे एक नवी जमात वावरू लागली आहे. तिच्या अंगात कंपनीचे नाव छापलेला सदरा असतो, गळ्यात कंपनीच्या रंगाची फीत असते आणि ओठांवर एका विशिष्ट संगणकाची स्तोत्रे असतात. ही माणसे परकी म्हणावीत तर तसे नाही. ती त्याच वर्गातील, त्याच बाकावरील, त्याच वसतिगृहातील मुले आहेत. कंपन्या त्यांना 'कॅम्पस अँबॅसडर' म्हणतात. अँबॅसडर म्हणजे राजदूत. आपल्या जुन्या दप्तरातला शब्द वापरायचा तर वकील! महाविद्यालय हे दुसऱ्याचे राज्य आहे आणि तेथे आपला वकील ठेवल्याखेरीज आपले काही चालणार नाही, एवढे तरी ह्या कंपन्यांनी ओळखले, हे त्यातल्या त्यात समाधान. परंतु ज्या दरबारात वकील धाडायचा, त्याच दरबारातला माणूस आपलासा करून त्याला वकील नेमण्याच्या रीतीला इतिहासात निराळे नाव आहे, आणि ते नाव फारसे गौरवाचे नाही.

हा प्रकार मोठ्या शहरातल्या श्रीमंत कॉलेजांपुरता राहिला असता, तर आम्ही त्यावर पहिल्या पानाची जागा खर्ची घातली नसती. परंतु पुण्याहून पौड रस्त्याने निघावे आणि पिरंगुट ओलांडून कासार आंबोलीच्या शिवारात यावे, म्हणजे ह्या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येते. ह्या टापूत आधी कारखाने आले, त्यांच्या पाठोपाठ शिक्षणसंस्था आल्या. लवळ्याच्या डोंगरावर तर सिंबायोसिस आणि फ्लेम अशी दोन विद्यापीठे शेजारी शेजारी उभी आहेत. जेथे भाताची खाचरे होती, तेथे आता वसतिगृहे आहेत, खानावळी आहेत आणि झेरॉक्सची दुकाने आहेत. दिल्ली, कोलकाता, हैदराबादहून आलेली सुखवस्तू मुले येथे शिकतात. आणि त्याच रस्त्यावरच्या एस. टी. ने मुळशीच्या वाड्यावस्त्यांतून येणारी, घराण्यात पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढणारी मुलेही शिकतात. पहिल्या मुलाच्या दृष्टीने संगणक ही एक वस्तू आहे. दुसऱ्याच्या घरी ती वस्तू यावयाची, तर दुधाच्या पैशांतून, पतसंस्थेच्या कर्जातून किंवा आईच्या गळ्यातले काहीतरी सोनाराकडे जाऊन येते. पन्नास हजारांची चूक पहिल्याला परवडते. दुसऱ्याला ती तीन वर्षे फेडावी लागते.

ज्या गावाच्या नावातच कासार आहे, त्या गावाला विक्री म्हणजे काय हे कोणी शिकवावयास नको. कासार बांगड्यांची माळ खांद्यावर टाकून दारात येत असे. लेकीबाळींचा हात हाती घेऊन, गोड बोलून, चार बांगड्या जास्तच भरून जात असे. परंतु तो कासार आहे, बांगड्या विकण्यासाठी आला आहे आणि त्याचा नफा त्या बांगडीत आहे, हे दारातल्या कुत्र्यालाही ठाऊक होते! गुलटेकडीच्या बाजारात माल नेणारा शेतकरी अडत्याला शिव्या देतो. पण अडत किती कापली किंवा कोणाकडून घेतली, हे पट्टीवर लिहिलेले असते, म्हणून त्याला भांडता तरी येते. महाविद्यालयातल्या ह्या नव्या अडत्याच्या पट्टीवर अडतीचा रकाना नाही. तो मित्र म्हणून बोलतो, मित्र म्हणून सल्ला देतो, आणि त्याच्या सवलत-संकेतावर खरेदी झाली की त्याच्या खात्यात गुण जमा होतात. ज्याने संगणक घेतला, त्याला आपली मैत्री कोणाच्या तरी हिशेबवहीत मांडली गेली, ह्याचा पत्ताही लागत नाही.

ह्या व्यवहाराची रीत आता सर्वत्र सारखीच झाली आहे. प्रथम इंटरनेटवर अर्ज मागवतात. ज्याच्या मागे वर्गातली मुले जातात, जो स्नेहसंमेलनात पुढे असतो, ज्याच्या व्हॉट्सॲप-गटांत शे-दोनशे नावे आहेत, असा मुलगा किंवा मुलगी हेरली जाते. हुशारीपेक्षा ओळखीपाळखीची किंमत येथे अधिक. मग सदरा, पिशवी, पाण्याची बाटली, वापरावयास एखादे नवे यंत्र, शेवटी एक प्रमाणपत्र आणि 'पुढे नोकरीच्या वेळी विचार होईल' अशी एक हवेतली आशा. त्याच्या बदल्यात त्याने महिन्याला इतके कार्यक्रम घ्यावयाचे, इतकी छायाचित्रे प्रसिद्ध करावयाची, इतक्या जणांची नावे आणि दूरध्वनी क्रमांक मिळवून द्यावयाचे. पगार? अनेक ठिकाणी पगार हा शब्दच उच्चारला जात नाही. जे काम करण्यासाठी पूर्वी जाहिरात-कंपनीला लाखो रुपये मोजावे लागत, ते काम एका सदऱ्यात होते! आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतात ते हेच.

आणि हे आजचे नाही. अमेरिकेत ह्या विद्येचा उगम चाळीस वर्षांपूर्वीचा आहे. १९८३ साली ॲपल कंपनीने कॅलिफोर्नियातल्या सुमारे ९,००० शाळांना प्रत्येकी एक संगणक फुकट दिला. त्यासाठी राज्याकडून करसवलत पदरात पाडून घेतली, हे सांगावयास नकोच. १९८४ साली मॅकिंटॉश बाजारात आला, तेव्हा २४ नामांकित विद्यापीठांशी आधीच करारमदार झालेले होते. विद्यार्थ्यांना तो पुष्कळ स्वस्तात मिळणार होता. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाने तर नव्या विद्यार्थ्याजवळ संगणक असलाच पाहिजे असे ठरवले आणि त्याच वर्षी ते मॅकिंटॉश मुलांच्या हाती दिले. ह्यात मुलांचे हित नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. त्या पिढीला जगाच्या आधी संगणक हाताळावयास मिळाला. परंतु अठराव्या वर्षी ज्या यंत्रावर बोटे बसली, ती अठ्ठेचाळिसाव्या वर्षीही त्याच यंत्राकडे वळतात, हे गणित विक्रेत्यांनी तेव्हाच मांडले होते आणि ते अचूक ठरले. पुढे यंत्रे देण्याऐवजी माणसे नेमण्याची युक्ती निघाली. २०११ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ह्या विषयावर एक मोठा लेख छापला, तेव्हा अमेरिकन महाविद्यालयांत निरनिराळ्या मालांचे असे प्रतिनिधी सुमारे १०,००० असावेत, असा अंदाज त्यात दिला होता.

ती लाट आता आपल्या दारात आहे. मायक्रोसॉफ्टचे 'स्टुडंट पार्टनर' आपल्याकडेही होऊन गेले. त्यांचेच पुढे 'लर्न स्टुडंट अँबॅसडर' झाले. २०२५ च्या जुलैत गूगलने भारतातील अठरा वर्षांवरील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना आपली सशुल्क कृत्रिम बुद्धिमत्ता सेवा वर्षभर फुकट देऊ केली. ह्या सगळ्याच उपक्रमांना एका माळेत ओवणे अन्यायाचे होईल. काहींत मुलांना खरोखरच काही शिकावयास मिळते. संगणक-लेखनाच्या कार्यशाळा होतात, खेड्यातल्या मुलाला परदेशातल्या मुलाशी बोलण्याची संधी मिळते. शिकविणारा प्रतिनिधी आणि विकणारा प्रतिनिधी ह्यांत आम्ही भेद करतो. दुर्दैव असे की, दोघांच्या अंगात सदरा एकच असतो.

आता ज्याला संगणक घ्यावयाचा आहे त्या मुलाकडे पाहू. कारण सारा प्रश्न अखेर तेथे येऊन ठेपतो. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असेल, तर त्याला टॅली शिकावे लागणार. ती प्रणाली विंडोजवर चालते. ॲपलच्या यंत्रावर किंवा क्रोमबुकवर ती जशीच्या तशी चालत नाही. यंत्र अभियांत्रिकीचा असेल, तर सॉलिडवर्क्सची तीच गोष्ट. म्हणजे सव्वा लाखाचे देखणे यंत्र घेऊन मुलगा वर्गात बसला, आणि पहिल्याच प्रात्यक्षिकाला त्याला शेजाऱ्याच्या जुन्या, कोपरा फुटलेल्या यंत्रावर काम करावे लागले, हे सहज घडू शकते. उलट, जिला केवळ निबंध लिहावयाचे आहेत, तक्ते करावयाचे आहेत, व्याख्याने ऐकावयाची आहेत, अशा कलाशाखेच्या मुलीला नव्या यंत्राचीही गरज नाही. चांगल्या दुकानातून हमीसह घेतलेले वापरलेले यंत्र तिला तीन वर्षे पुरेल. स्मृती किती हवी, बॅटरी किती वेळ टिकते, बिघडले तर दुरुस्तीचे केंद्र कोथरूडात आहे की त्यासाठी मुंबई गाठावी लागेल, मराठीतून लिहावयाचे तर कळफलक कसा बसवावयाचा, हे प्रश्न खरा मित्र विचारतो. त्याचे पहिले वाक्य 'तू काय शिकतोस?' असे असते. प्रतिनिधीचे पहिले वाक्य 'सवलत रविवारपर्यंतच आहे' असे असते! त्याच्या पोटात कपट असते असे नव्हे. बहुधा त्या बिचाऱ्यालाही दुसऱ्या यंत्रांची माहिती नसते. त्याला एकच पोथी दिलेली आहे आणि तो ती वाचतो आहे.

येथे कोणी म्हणेल की, मुलांनी शिकता शिकता चार पैसे मिळवले, विक्रीची कला आत्मसात केली, तर तुमच्या पोटात का दुखते? विक्रीला आम्ही हलके मानत नाही. ह्या महाराष्ट्रात ज्या पुरुषाने गोरगरिबांच्या मुलांसाठी शिक्षणाची गंगा खेड्यापाड्यांत नेली, ते कर्मवीर भाऊराव पाटील काही काळ विक्रेतेच होते. ओगल्यांच्या कंदिलांसाठी आणि किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांसाठी त्यांनी गावोगाव पायपीट केली. त्या भटकंतीत त्यांनी कुणब्याचे दारिद्र्य आणि अज्ञान डोळ्यांनी पाहिले, आणि १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला. परंतु नांगर विकणारा माणूस नांगर विकणारा म्हणूनच बांधावर उभा राहत असे. लोखंडाने जमीन नासते असे समजणाऱ्या शेतकऱ्याला पटवावयाचे, तर नांगर रानात चालवून दाखवावा लागे. ढेकूळ फुटले तर सौदा, नाही तर राम राम! तीच सचोटी भाऊरावांनी 'कमवा आणि शिका' ह्या योजनेत ओतली. मुलाने रस्ता खोदला, विहिरीवर राबला, तर त्याचा घाम आणि त्याची कमाई दोन्ही उघड होती. पुणे विद्यापीठातही ही योजना चालत आली आहे. ग्रंथालयात पुस्तके लावणारा, बागेत पाणी घालणारा विद्यार्थी तासांच्या हिशेबाने मोबदला घेतो आणि कोणाच्या नजरेला नजर देताना त्याला खाली पाहावे लागत नाही. त्या योजनेच्या शेजारी हा सदऱ्याचा आणि प्रमाणपत्राचा व्यवहार ठेवून पाहा. तेथे श्रम विकले जात होते. येथे ओळख विकली जाते, आणि तीही फुकटात.

'प्रतिनिधी' ह्या शब्दाचे तरी काय झाले आहे पाहा. एके काळी विद्यार्थी प्रतिनिधी म्हणजे मुलांनी मते देऊन निवडलेला माणूस. तो प्राचार्यांच्या दारात उभा राहून ग्रंथालयाच्या वेळांवरून, वसतिगृहाच्या पाण्यावरून, फीवाढीवरून भांडत असे. त्या निवडणुकांत दंडेली शिरली, हे कारण होऊन १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाराष्ट्रात प्रत्यक्ष निवडणुका बंद केल्या आणि गुणांच्या यादीवरून प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आणली. २०१६ च्या कायद्याने निवडणुकांचे दार पुन्हा उघडले. २०१९ साली त्या जाहीरही झाल्या. विधानसभेची निवडणूक आली आणि त्या पुढे ढकलल्या गेल्या. अशा रीतीने मुलांच्या कित्येक पिढ्या आपला प्रतिनिधी न निवडताच महाविद्यालयातून बाहेर पडल्या. निवडणुकीने आवारात भांडणे होतात म्हणून ज्यांनी निःश्वास सोडला, त्यांना कंपनीने नेमलेला प्रतिनिधी मात्र चालतो. मतांनी आलेला प्रतिनिधी गोंगाट करतो. कंपनीकडून आलेला संमेलनाला मंडप आणि ध्वनिक्षेपक आणून देतो! प्राचार्यांना दोहोंपैकी कोण प्रिय व्हावा, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

हीच आमची खरी तक्रार आहे, आणि ती मुलांपेक्षा संस्थांविरुद्ध अधिक आहे. एकोणीस वर्षांच्या मुलाला फुकटच्या यंत्राचा आणि मोठ्या नावाचा मोह पडला, तर त्यात नवल नाही. परंतु संस्थाचालकांनी कोणत्या अटींवर आवाराचे फाटक उघडले? दालन कोणाला दिले, किती रुपयांना दिले, मुलांची नावे आणि क्रमांक कोणी पुरवले? तंत्रमहोत्सवाच्या फलकावर ज्या कंपनीचे नाव झळकते, तिचीच यंत्रे पुढल्या वर्षी प्रयोगशाळेत का येतात? हा योगायोगही असू शकेल. मग तो योगायोग कागदावर मांडावयास हरकत कोणती? पौड रस्त्यावरच्या संस्था आपल्या पत्रिकांत शंभर टक्के नोकऱ्यांची ग्वाही छापतात. त्याच पत्रिकेत प्रायोजकांच्या देणग्यांची एक ओळ छापण्याने कागद काही महाग होणार नाही.

मुलांनीही एक गोष्ट जाणून घ्यावी. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा नुसत्या नटनट्यांसाठी नाही. ९ जून २०२२ रोजी फसव्या जाहिरातींविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारने जारी केली, त्यांनुसार मालाची शिफारस करणाऱ्याचा विक्रेत्याशी काही लाभाचा संबंध असेल आणि ऐकणाऱ्याला त्याची कल्पना नसेल, तर तो संबंध उघड करणे त्याच्यावर बंधनकारक आहे. पुढे जानेवारी २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरील शिफारसकर्त्यांसाठी सरकारने आणखी खुलासा केला. रोख पैसा हाच लाभ असे नव्हे. फुकट मिळालेली वस्तू, सवलत, प्रवास, हेही त्यात येतात. आणि हा खुलासा ज्या भाषेत शिफारस केली त्याच भाषेत, सहज समजेल असा करावयाचा आहे. फसव्या शिफारशीबद्दल कायद्याने शिफारसकर्त्याला दहा लाखांपर्यंत, पुन्हा तोच अपराध घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. कासार आंबोलीच्या वसतिगृहातल्या पोराला उद्या कोणी पन्नास लाखांची नोटीस धाडील, असे भय आम्ही घालीत नाही. परंतु कंपनीच्या कायदेपंडितांना ही कलमे पाठ असतात, आणि सदरा वाटताना ती मुलांना समजावून सांगण्याइतका वेळ किती कंपन्यांना मिळतो?

ह्याच पुण्यात १९८८ साली सी-डॅकची स्थापना झाली. अमेरिका अतिवेगवान संगणक द्यावयास खळखळ करीत होती, तेव्हा डॉ. विजय भटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली 'परम ८०००' उभा करून दाखवला. ज्या शहराने यंत्र घडवले, त्या शहराच्या वेशीवरची हुशार मुले आज दुसऱ्याच्या यंत्राच्या पिशव्या वाटतात, हे पाहून आम्हांस खंत वाटते. संगणकाचा प्रसार करण्याची हौस असेल, तर त्यासाठी कोणाचा सदरा घालावाच लागतो असे नाही. मुंबईच्या आय. आय. टी. ने 'स्पोकन ट्यूटोरियल' म्हणून जो उपक्रम चालवला, त्यात मुक्त संगणकप्रणाली शिकविणारे पाठ मराठीतूनही तयार झाले, आणि ते कोणालाही फुकट मिळतात. केरळने आपल्या सरकारी शाळांतून मुक्त प्रणाली नेटाने रुजवली. तेथे मुलांना कोणत्याही कंपनीचे नाव न घेता संगणक शिकता आला. मुळशीच्या मुलांना तो तसा शिकता येणार नाही, असे त्यांच्यात काय उणे आहे?

जाहिरातबाजांना आवारातून हाकलून द्या, अशी मागणी आम्ही करीत नाही. दुकान मांडावयाचे असेल तर दुकान म्हणून मांडावे. एकाच कंपनीला फाटक उघडे न ठेवता चार कंपन्यांना एका दिवशी, एका रांगेत बोलवावे आणि मुलांना तुलना करू द्यावी. प्रतिनिधी नेमायचा तर त्याच्याशी लेखी करार करून त्याला तासांप्रमाणे रोख वेतन द्यावे, आणि त्याच्या छातीवर कंपनीच्या नावाखाली 'ह्या विक्रीत मला लाभ आहे' एवढी अक्षरे मराठीत छापावीत. सहाध्यायांची नावे-क्रमांक गोळा करण्याचे काम कोणत्याही विद्यार्थ्याकडे असू नये. विद्यापीठाने ह्याविषयी एक परिपत्रक काढले, तर ते एका पानात मावेल.

तोवर प्रत्येक विभागाच्या प्राध्यापकांनी प्रवेशाच्या दिवसांत फलकावर एक कागद लावावा. आमच्या शाखेला कोणत्या प्रणाली लागतात, त्यांना कमीत कमी केवढ्या शक्तीचे यंत्र पुरते, वापरलेले चालेल की नाही आणि प्रयोगशाळा संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडी असते, एवढेच त्यावर लिहावे. एस. टी. तून उतरून, मुलाबरोबर फी भरावयास आलेला बाप तो कागद वाचील, खिशातल्या चिठ्ठीवर उतरवून घेईल आणि मग दुकानाची पायरी चढेल.